चेलोची तीच रचना, तीन वेगळ्या पट्ट्या: बाखचे सहा स्वीट्स कोणाचे ऐकावेत?

सारंगीवेडा | ३ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

मी भजनी घरातला. वडील गावच्या मंडळात पेटी वाजवतात, सत्तरी उलटली तरी. मी स्वतः काही वाजवत नाही, पण पंचवीस वर्षं माझा कान सारंगीला वाहिलेला आहे. पाश्चात्त्य संगीताची ओळख म्हणाल तर सलील चौधरींनी 'छाया'मध्ये मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट घेतली होती, एवढीच माहिती.

मे महिन्यात सोलापूर-पुणे बसमध्ये शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर एक वाद्य ऐकलं. साथ नाही, ठेका नाही, एकटंच वाद्य, आणि तरी दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत असं वाटत होतं. गज ओळखू आला, पण सारंगी नव्हती. खर्ज छातीत घुमत होता. विचारलं तर म्हणाला, चेलो आहे, बाखच्या पहिल्या स्वीटचं प्रेल्यूड. (बाख हा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, स्वीट म्हणजे नृत्यांची माळ आणि प्रेल्यूड म्हणजे तिची सुरुवात, हे नंतर कळलं.) त्याने इअरफोनच माझ्या हातात दिला. पुणं येईपर्यंत ती अडीच मिनिटं मी पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

आता अडचण अशी की अ‍ॅपवर या सहा स्वीट्सची रेकॉर्डिंग्ज मोजता येणार नाहीत इतकी आहेत. मी तीन उघडली. सवयीने पेटी पुढे ओढली आणि पहिला स्वर शोधला. एकात पांढरी पाच, दुसऱ्यात काळी तीन, तिसऱ्यात पांढरी चार! आपल्याकडे प्रत्येक गवई आपापल्या पट्टीत गातो, त्यात नवल नाही. पण हे तर कागदावर लिहिलेलं संगीत. मग फाईल हळू वाजतेय, की मला काही कळत नाहीये?

आणि दुसरा प्रश्न. वर्षभर एकाच रेकॉर्डिंगच्या सहवासात राहायचं ठरवलं तर कोणतं घ्यावं? नुसती नावं नकोत. का, तेही सांगा.

---

खालचा_सा | ४ जुलै, पहाटे २:१५

तुमचा कान पक्का आहे. तिन्ही पट्ट्या बरोबर ओळखल्यात, फाईलमध्ये काही बिघाड नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते, चाळिशीनंतर चेलो शिकायला लागले, आता आठ वर्षं झाली. वादक म्हणून माझी योग्यता बेताची, पण या प्रश्नाचं उत्तर मला हातांनी माहीत आहे.

पहिला स्वीट जी मेजरमध्ये आहे, म्हणजे तुमची पांढरी पाच. आजचे बहुतेक वादक मधल्या सप्तकातला 'ए', म्हणजे पांढरी सहा, ४४० कंपनांवर लावतात. बाखच्या काळी असं एक ठरलेलं माप नव्हतं. गावागणिक, चर्चागणिक पट्टी बदलायची. जुन्या पद्धतीने वाजवणाऱ्यांनी सोयीसाठी ४१५ हे माप धरलं, ते जवळजवळ बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतं. म्हणून काळी तीन. काहीजण आणखी खाली, ३९२ वर जातात. बाखने हे स्वीट्स बहुधा १७२० च्या सुमारास क्योथनच्या दरबारात असताना लिहिले, आणि तिथे पट्टी इतकी खाली होती असं काही अभ्यासक मानतात. तुम्हाला पांढरी चार मिळालेलं रेकॉर्डिंग पीटर विस्पेलवेचं २०१२ चं असणार. त्याने सहाही स्वीट्स तीन वेळा रेकॉर्ड केलेत, हे तिसरं.

पट्टी उतरली की नुसता स्वर खाली जात नाही. तारांवरचा ताण कमी होतो, तार सैल बोलते, लाकूड वेगळं घुमतं. आणि जुन्या पद्धतीच्या चेलोला पोलादी तारा नसतात, तातेच्या (आतड्याच्या) असतात. सारंगीवेड्याला तात म्हणजे काय ते मी सांगायला नको! तुम्हाला जो आवाज ओळखीचा वाटेल तो याच बाजूचा असेल असं मला वाटतं. गजही निराळा. आजच्या गजाची काडी केसांच्या बाजूला आत वाकलेली असते, ती घडण अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या तूर्त या गज बनवणाऱ्याने पक्की केली. बाखच्या वेळचा गज बाहेर कमान टाकणारा. टोकाकडे जाताना त्याचा जोर आपोआप ओसरतो, म्हणून प्रत्येक स्वर उच्चारल्यासारखा येतो आणि विरतो.

एकच सांगायचं तर आनर बाइल्स्मा, १९७९ चं. तो माणूस चेलोवर गात नाही, बोलतो. त्याचंच १९९२ चंही आहे, स्मिथसोनियन संग्रहालयाच्या स्ट्रॅडिव्हेरियस चेलोवर वाजवलेलं. ते जास्त मोकळं आणि जास्त लहरी आहे. सुरुवातीला १९७९ चंच घ्या.

---

नाना_गिरगाव | ४ जुलै, सकाळी ८:०५

सारंगीवेडा, स्वागत.

खालचा_सा ताईंनी छान समजावलं. पण मी दुसरं नाव सुचवतो. पिएर फूर्निए, आर्काइव्ह लेबलसाठी डिसेंबर १९६० मध्ये हॅनोव्हरला झालेलं रेकॉर्डिंग. मी ते काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलं, तेव्हा तिथे खोक्यात उभं राहून आधी ऐकता यायचं. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं, त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बाहेर उभा राहून आलो.

फूर्निएला लहानपणी पोलिओ झाला. पायामुळे पियानोचे पेडल जमेना म्हणून तो चेलोकडे वळला. त्याच्या वादनात कुठेही जोर लावल्याची खूण दिसत नाही. गज उलटला हे कळत नाही, स्वर तुटत नाही. मला किराणा घराण्याच्या आलापीत जे सापडतं ते त्याच्या अलमांदमध्ये, म्हणजे प्रेल्यूडनंतरच्या भागात, सापडतं. रोज सकाळी एक स्वीट लावायचा, सहा दिवसांत सहा, सातव्या दिवशी शांतता. हे मी बायपासनंतरच्या वर्षी केलं. डॉक्टरांच्या गोळ्यांइतकाच मला त्याचा आधार होता.

---

मांडवी_काठ | ४ जुलै, दुपारी १:३०

पणजीहून लिहितोय.

या विषयावर बोलताना कासाल्सचं नाव पहिल्या दोन प्रतिसादांत आलं नाही हे मला खुपलं.

स्पेनचा चेलोवादक पाब्लो कासाल्स तेरा वर्षांचा असताना, १८९० मध्ये, बार्सिलोनातल्या बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात वडिलांबरोबर गेला होता. तिथे त्याला या स्वीट्सची छापील प्रत सापडली. तोवर बहुतेक लोक हे सरावाचे धडे समजत. कुणी वाजवलंच तर एखादा तुकडा वाजवी. त्याने बारा वर्षं घरात रियाज केला आणि मग अख्खा स्वीट लोकांसमोर ठेवला. रेकॉर्डिंगला तर तो साठीच्या उंबरठ्यावर असताना उभा राहिला. नोव्हेंबर १९३६, लंडन. स्पेनमध्ये यादवी सुरू होऊन चार महिने झाले होते. दुसरा आणि तिसरा स्वीट तेव्हाचे, बाकीचे चार १९३८ आणि १९३९ मध्ये पॅरिसला. शेवटचे झाले तेव्हा त्याचा देश त्याच्यासाठी बंद झाला होता, पुढे तो परत राहायला गेलाच नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध व्हायोलिनवादक राहायचे. चर्चच्या शाळेत मेस्तांकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, स्वरलिपी शिकलेले, पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत तीस वर्षं वाजवून परत गावी आलेले. त्यांच्याकडे कासाल्सच्या लाँगप्ले होत्या. पाचव्या स्वीटचं सराबांद, म्हणजे त्यातला संथ भाग, लावलं की ते खिडकी बंद करायचे. मी विचारलं होतं का, तर म्हणाले, "बाहेर जाऊ नये म्हणून." मी दहा वर्षांचा होतो. मला अजून दुसऱ्या कोणाचं सराबांद खरं वाटत नाही.

---

तानपुरा_जोडी | ४ जुलै, संध्याकाळी ७:५०

मांडवी_काठ, तुमची आठवण वाचून गलबलायला झालं. तरीही माझं मत निराळं आहे आणि ते मांडतो.

नवख्या माणसाला पहिलंच रेकॉर्डिंग कासाल्सचं देऊ नये. खरखर आहे, वरचे स्वर कोंदट आहेत, आणि सारंगीवेडा यांना जे आवडलं ते म्हणजे खर्जाचं घुमणं, तेच त्यात अर्धं हरवतं. आपण तरी कोणाला ख्यालाची गोडी लावायला १९०५ ची तीन मिनिटांची तबकडी ऐकवतो का? आधी गायकी कानात बसू दे, मग तबकडीतली थोरवी आपोआप दिसते.

माझी निवड यानोश स्टार्कर, मर्क्युरीसाठी १९६३ ते १९६५ मध्ये केलेलं. स्वच्छ, नेमकं, एक स्वर इकडचा तिकडे नाही. माईक जवळ, खोली कोरडी. गज तारेवर टेकतो ते ऐकू येतं. रचनेची हाडं पाहायची असतील तर स्टार्कर.

---

फीत | ५ जुलै, सकाळी ६:४५

ध्वनिमुद्रणात उभी हयात गेली, म्हणून तेवढ्यापुरतं.

सारंगीवेडा, तुम्ही ऐकताय कशावर? मोबाईलच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर आधी ते थांबवा. चेलोची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ६५ कंपनांची, प्रेल्यूडचा पहिला स्वर ९८ च्या आसपास. मोबाईलचा स्पीकर त्या भागात जवळपास मुका असतो. वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा स्वर कल्पून घेतो. कानावर बसणारे साधे हेडफोन घ्या, कोणतंही रेकॉर्डिंग निवडण्याआधी हा खर्च करा. मगच वाद घालण्यात अर्थ आहे.

दुसरं, खोली. एकट्या वाद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खोली हा दुसरा वादक असतो. रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचने साठी उलटल्यावर सगळे स्वीट्स रेकॉर्ड करायला घेतले. १९९१ मध्ये केले तेव्हा फ्रान्समध्ये वेझले इथलं बाराव्या शतकातलं मोठं दगडी चर्च निवडलं. तिथे स्वर सोडला की तो वर जाऊन सावकाश परत येतो. भव्य वाटतं, पण कूरांतसारख्या जलद भागात एका स्वराची शेपटी पुढच्यावर चढते. स्टार्करच्या रेकॉर्डिंगमध्ये याच्या उलट, खोली जवळजवळ नाहीच. तुम्हाला देवळाच्या गाभाऱ्यातला आवाज आवडतो की घरच्या बैठकीतला, यावर तुमची अर्धी निवड ठरेल. वादक कोण, हे त्यानंतर.

तिसरं, कासाल्स. मूळ तबकड्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची. त्यांच्यावरून वेगवेगळ्या कंपन्यांनी अनेकदा प्रती काढल्या. कोणी खरखर पुसायच्या नादात तारेचा वरचा श्वासही पुसला. कोणी खरखर राहू दिली, पण चेलो जिवंत ठेवला. तानपुरा_जोडी यांनी ऐकलेली प्रत पहिल्या जातीची असावी. एकाच सराबांदच्या दोन प्रती लावून बघा. खरखर जास्त असलेली प्रत पाच मिनिटांत जवळची वाटायला लागते, कारण मन खरखरीकडे दुर्लक्ष करायला शिकतं, पुसलेला स्वर मात्र त्याला परत भरता येत नाही.

---

सारंगीवेडा | ५ जुलै, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडफोन मागवले.

एक शंका. ताई म्हणतात बाइल्स्मा बोलतो, नाना म्हणतात फूर्निएचा गज कळत नाही. मी दोघांचं पहिलं प्रेल्यूड पाठोपाठ ऐकलं. स्वर तेच, पण एका गजात किती स्वर घ्यायचे हेच दोघांचं वेगळं आहे. एकजण चार स्वर बांधतो, दुसरा तीन बांधून चौथा सोडतो असं काहीसं. बाखने हे लिहून ठेवलं नव्हतं का?

---

खालचा_सा | ६ जुलै, पहाटे १:३०

सहा स्वीट्सच्या निवडीचं मूळ याच प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाखच्या स्वतःच्या हातची चेलो स्वीट्सची प्रत आज अस्तित्वात नाही. व्हायोलिनसाठीचे एकट्या वाद्याचे सोनाटे आणि पार्टिटा त्याच्या हातचे आहेत, १७२० साल घातलेले, सुंदर वळणदार अक्षर. चेलोचं तसं नाही. उरल्यात त्या नकला. सर्वांत जवळची प्रत त्याची दुसरी बायको आना माग्दालेना हिने केलेली. योहान पेटर केल्नर नावाच्या ऑर्गनवादकाने १७२६ मध्ये एक केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणखी दोन आहेत, नक्कल करणारे कोण ते कळत नाही. छापील आवृत्ती थेट १८२४ मध्ये पॅरिसला निघाली.

आना माग्दालेनाचे स्वर बरेचसे विश्वासार्ह. पण एका गजात किती स्वर, हे दाखवणाऱ्या ज्या कमानी असतात त्या तिने घाईत काढलेल्या. कमान दुसऱ्या स्वरावर सुरू होते की पहिल्यावर, तिसऱ्यावर संपते की चौथ्यावर, सांगता येत नाही. एकच आकृती लागोपाठ दोनदा आली तर दोन्हीकडे कमान वेगळी. ती चुकली का? की बाखला खरंच वेगळं हवं होतं? बाइल्स्माने तिच्या कमानी शक्य तितक्या तशाच वाजवल्या, कारण ती त्या घरात राहत होती, त्याचं वादन ऐकत होती. दुसरे म्हणतात, नक्कल ती नक्कल, वादकाने विचार करून एकसारख्या कमानी कराव्यात. फूर्निएच्या पिढीचा कल लांब, अखंड ओळीकडे होता.

बंदिश तोंडी आली आणि चार घराण्यांत चार प्रकारे उतरली तर आपण कोणालाच खोटं म्हणत नाही. इथे मुखडा ठाम आहे, जागा मात्र वादकाने शोधायच्या आहेत. एकदा हे लक्षात आलं की "सर्वांत अस्सल कोणतं" हा प्रश्न मी विचारणं सोडून दिलं. मी बघते की या वादकाने निर्णय घेतलाय का आणि तो सहा स्वीट्सभर निभावलाय का.

पाचव्या आणि सहाव्याबद्दल मात्र ठोस गोष्टी आहेत. पाचव्यात सर्वांत वरची तार एका पूर्ण स्वराने उतरवायची असते, ए ऐवजी जी. त्यामुळे वाद्याचा रंगच काळोखा होतो. काही वादक तार नेहमीसारखीच ठेवून बोटांनी निभावतात, मग तो काळोख पुरता येत नाही. या स्वीटचं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीचं रूप बाखच्या हातचं शिल्लक आहे, म्हणून तिथे ताडून बघता येतं. सहावा स्वीट तर पाच तारांच्या वाद्यासाठी आहे, वर एक जादा ई. चार तारांच्या चेलोवर तो वाजवताना हात पार पट्टीच्या टोकाला जातो. कासाल्स, फूर्निए, स्टार्कर, सगळ्यांनी तो डोंगर चढून दाखवला. पण पाच तारांवर तोच स्वीट झऱ्यासारखा वाहतो. बाइल्स्माचा सहावा दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये पाच तारांवर आहे. माझ्या लेखी त्याला निवडायचं हे आणखी एक कारण.

---

निळी_शाई | ६ जुलै, दुपारी १२:४०

माझे प्रश्न साधे आहेत, पण बऱ्याच जणांच्या मनात असतील.

अ‍ॅपवर शोधताना फार गोंधळ होतो. एकाच वादकाचं तेच रेकॉर्डिंग पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली, साल म्हणून २०११ नाहीतर २०१७. कित्येकदा "आरामासाठी चेलो" असल्या संग्रहात फक्त पहिलं प्रेल्यूड. मला हे जमलं: वादकाचं आडनाव आणि बीडब्ल्यूव्ही १००७ असं शोधायचं. बीडब्ल्यूव्ही हा बाखच्या रचनांचा क्रमांक, सहा स्वीट्स १००७ ते १०१२. मग ट्रॅक मोजायचे. प्रत्येक स्वीटमध्ये प्रेल्यूड, अलमांद, कूरांत, सराबांद, मग मिन्युएट, बुरे किंवा गावोतची जोडी, शेवटी जिग, म्हणजे सहा भाग. एकूण छत्तीस. जोडी वेगळी मोजली तर बेचाळीस. यापेक्षा कमी दिसले की तो संच अपुरा. आणि दिसणारं साल बहुतेकदा पुन्हा प्रकाशित केल्याचं असतं, वाजवल्याचं नाही. ते पुस्तिकेत बघावं लागतं.

प्रश्न असा: बारोकनंतरच्या काळासाठी, म्हणजे हायडन-मोझार्टसाठी, निवडीचे हेच निकष लागू पडतात का? मला हायडनचा चेलो कॉन्चेर्टो (एकटा चेलो आणि वाद्यवृंद यांची रचना) फार आवडतो.

---

नाना_गिरगाव | ६ जुलै, संध्याकाळी ५:२०

निळी_शाई, हायडनचा सी मेजर म्हणत असाल तर त्याची हकीगत या धाग्यात शोभण्यासारखी आहे. हा कॉन्चेर्टो जवळजवळ दोनशे वर्षं हरवलेला होता. हायडनने स्वतःच्या रचनांच्या वहीत त्याची पहिली ओळ टिपली होती, म्हणून होता एवढं ठाऊक. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची प्रत मिळाली आणि १९६२ मध्ये तो पुन्हा वाजला. म्हणजे कासाल्सने उमेदीच्या वयात तो पाहिलेलाच नाही!

इथे निवडताना मी एक जास्तीची गोष्ट बघतो, ती म्हणजे कादेंझा. कॉन्चेर्टोच्या भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटा आपली कल्पना मांडतो. हायडनच्या काळी ती ऐनवेळी सुचलेली असे, आता बहुतेक लिहिलेली असते. रोस्त्रोपोविचने १९६४ मध्ये बेंजामिन ब्रिटनच्या संचालनाखाली हा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला, कादेंझाही ब्रिटनने लिहिलेल्या. विसाव्या शतकाचा माणूस हायडनच्या खोलीत शिरून बोलतोय हे स्पष्ट कळतं. काहींना ते खटकतं, मला ते प्रामाणिक वाटतं. जॅकलिन दु प्रेचं १९६७ चं आहे, ती बावीस वर्षांची होती. मंद भागात ती इतकी वाकते की हायडनपेक्षा तीच जास्त दिसते. तरी मी ते टाकून देणार नाही.

---

खालचा_सा | ६ जुलै, रात्री ११:००

नानांशी सहमत, आणि एक भर. हायडनसाठी ज्याँ-गियेन केरास आणि फ्रायबुर्ग बारोक वाद्यवृंद. लहान वाद्यवृंद, तातेच्या तारा, शेवटचा भाग वाऱ्यासारखा. त्याच केरासने २००७ मध्ये बाखचे सहा स्वीट्स केलेत, तेही सुचवते. आधुनिक चेलो, पण नृत्य पायात आहे.

मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोला मात्र निकष थेट वाद्याचा लावा. १७९१ मध्ये त्याने तो आंतोन श्टाडलर या वादकाच्या खास वाद्यासाठी लिहिला, नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा खाली चार स्वर जास्त असलेलं बासेट क्लॅरिनेट. मूळ हस्तलिखित हरवलं, छापताना त्या खालच्या जागा उचलून वर नेल्या गेल्या. म्हणून पुस्तिकेत "बासेट" हा शब्द असेल तेच आधी घ्या. खाली उतरणारी तान मध्येच उडी मारून वर जात नाही, तळाला टेकते.

---

तानपुरा_जोडी | ७ जुलै, सकाळी ९:१५

रेकॉर्डिंगची लांबी बघून निवडणाऱ्यांसाठी सावधगिरीचा शब्द. पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेलं बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ मध्ये अडतीस मिनिटांचं, १९८१ मध्ये एक्कावन्न मिनिटांचं. लोक म्हणतात, म्हातारपणी संथ झाला. (तो पन्नाशीतच गेला, म्हातारपण कुठलं.) पण पहिल्यात त्याने एकही पुनरावृत्ती घेतली नव्हती, दुसऱ्यात काही घेतल्या. दुसऱ्यांदा तो काही ठिकाणी सावकाश आहे हे खरं, पण आकड्यातला फरक सगळा लयीचा नाही.

चेलो स्वीट्समध्येही प्रत्येक नृत्याचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पुनरावृत्ती गाळली की रचनेचा तोल जातो. आणि दुसऱ्या वेळी वादक काय करतो यात त्याची खरी ओळख पटते: तसंच वाजवतो, हळू वाजवतो, की एखादी मुरकी घालतो. मी आता रेकॉर्डिंग पारखतो ते दुसऱ्या फेरीवर.

आणि मांडवी_काठ, तुमच्यासाठी. फीत यांनी सांगितल्यावर कासाल्सची खरखरीची प्रत शोधून पाचवं सराबांद काल रात्री ऐकलं. मी माझे शब्द मागे घेतो. पहिलं म्हणून द्यावं का याबद्दल अजून साशंक आहे, पण "हरवतं" म्हणालो ते चूक होतं.

---

मांडवी_काठ | ७ जुलै, सकाळी १०:०२

मन भरून आलं. खिडकी बंद केली होती ना?

---

सारंगीवेडा | २८ जुलै, रात्री ९:३०

तीन आठवडे घेतले, पण आता मला बोलण्यासारखं काही आहे.

सगळं ऐकत बसलो असतो तर वाहून गेलो असतो. म्हणून एकच तुकडा धरला, पाचव्याचं सराबांद. मांडवी_काठ यांच्यामुळे. त्यात एकही जोडस्वर नाही, एका वेळी एकच तार बोलते, वीस मात्राखंड, बस्स. लपायला जागाच नाही. रोज रात्री हेडफोन लावून एका वादकाचं दोनदा, आणि वहीत चार ओळी. त्यातल्या काही इथे देतो.

रोस्त्रोपोविच: स्वर संपला तरी चर्च तो धरून ठेवतं. दोन स्वरांतली शांतता खरी शांतता नाही. मोठं आहे, पण मी लांब उभा आहे.

स्टार्कर: दुःख सांगत नाही, दाखवून बाजूला होतो. तिसऱ्या रात्री पटला.

फूर्निए: नाना, तुम्ही म्हणता ते खरं. गज कुठे उलटला मला एकदाही सापडलं नाही. किराणाच. पण या तुकड्यात मला गज उलटलेला हवा आहे असं वाटलं. श्वास लागलेला हवा आहे.

यो-यो मा: त्याने १९८३ आणि २०१८ अशी पस्तीस वर्षांच्या अंतराने केलेली पाठोपाठ ऐकली. (मधलंही एक आहे, ते अजून राहिलं.) पहिल्यात प्रत्येक स्वर सुंदर. दुसऱ्यात काही स्वर त्याने साधेच ठेवलेत, कंप न देता. मला दुसरं जास्त जवळचं.

कासाल्स: दुसऱ्या ओळीत तो एका स्वरावर अडखळतो असं वाटतं. अडखळत नाही, थांबतो. मींड नसलेल्या संगीतात मींडेची तहान लागते ना, ती त्याने भागवली. काही लिहिता आलं नाही पुढे.

बाइल्स्मा, १९७९: पहिल्या रात्री फार जलद वाटला, दुःखच नाही असं वाटलं. आठव्या रात्री कळलं की हे नाच आहे. सराबांद हा नाच आहे! पावलं मोजत, दुसऱ्या मात्रेवर वजन टाकत कोणीतरी चालतंय. तात बोलते, आणि स्वर सुरू होताना ती किंचित खरवडते, तो आवाज मी पंचवीस वर्षं सारंगीत ऐकत आलोय.

तर वर्षभरासाठी बाइल्स्मा. पाचव्या सराबांदपुरता कासाल्स, तोही रोज नाही.

परवा गावी गेलो होतो. वडिलांना हेडफोन लावून दिले आणि पहिलं प्रेल्यूड तिघांचं ऐकवलं, ज्या तिघांवरून हा धागा सुरू झाला. नावं सांगितली नाहीत. ते पेटीजवळ बसूनच ऐकत होते, उजव्या हाताचं बोट पट्ट्यांवरून हलकेच फिरत होतं, भाता न हलवता. तिन्ही झाल्यावर हेडफोन काढून म्हणाले, "ते पांढरी चारचं पुन्हा लाव. त्याच्यात घाई नाही."

---

खालचा_सा | २९ जुलै, पहाटे १:०५

विस्पेलवे निवडला बाबांनी! त्यांना त्याच संचातला सहाव्या स्वीटचा गावोत ऐकवा. ठेका इतका उघड आहे की पेटीवर हात आपोआप जाईल.